घंटेनंतरचं अर्धं मिनिट

कर्जत, ९ जानेवारी १९८१

चि. शकुंतला,
अनेक आशीर्वाद.

पत्राचं कारण सरळ आहे. मला तुझी सही हवी आहे आणि ती फेब्रुवारीअखेरच्या आत पुण्याला पोचायला हवी आहे.

माझ्या टायपिंग क्लासला गेल्या जूनपासून विठू भोईर नावाचा मुलगा येतो. वय बावीस, राहायला चौक गावाच्या पलीकडे. सहाव्या वर्षी ताप आला, त्यात कान गेले. मॅट्रिक झाला आहे. मिनिटाला अडतीस शब्द टाइप करतो, चुका कमी. खालापूरच्या कचेरीत अपंगांसाठी राखीव अशी कारकुनाची एक जागा निघाली आहे. जूनअखेर टायपिंगचं सर्टिफिकेट दाखवलं तर ती त्याला मिळण्यासारखी आहे, नाहीतर नाही. परीक्षा मे महिन्यात. त्यानंतरची थेट नोव्हेंबरात.

वेळ संपल्याची घंटा त्याला ऐकू येणार नाही. म्हणून मी पुण्याच्या परीक्षा कार्यालयाला लिहिलं, की घंटेबरोबर त्याला डोळ्यांनी दिसेल अशी खूण करायला परवानगी द्यावी. यंदाचं वर्ष अपंग वर्ष म्हणून जाहीर झालं आहे, ठिकठिकाणी भाषणं चालली आहेत, तेव्हा होकार लगेच येईल असं वाटलं होतं. उत्तर आलं ते असं: "मागणी नवीन आहे. या कारणाने आपल्या केंद्रावर पूर्वी कोणा उमेदवाराचे नुकसान झाले असल्यास त्या उमेदवाराच्या सहीचे निवेदन जोडावे, म्हणजे विचार करता येईल."

सोळा वर्षांत असा उमेदवार एकच झाला. तो म्हणजे तू.

तू खोपोलीच्या शिळफाट्यावर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतेस हे क्लासातल्या बुधाजीने सांगितलं. मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण खात्री त्याच्याकडून करून घेतली. आडनाव बदललं आहे की तेच आहे ते कळलं नाही, म्हणून पाकिटावर नुसतं नाव आणि छापखाना घातला आहे. कर्जतहून खोपोलीची गाडी अर्ध्या तासात पोचते हे मलाही माहीत आहे. तरी पत्र बरं.

निवेदन मी तयार करूनच पाठवते आहे, म्हणजे तुला त्रास नको. मजकूर एवढाच: "नोव्हेंबर १९६४ च्या परीक्षेत वेळ संपल्याची घंटा ऐकू न आल्यामुळे माझ्याकडून सुमारे अर्धे मिनिट जास्त टंकलेखन झाले व त्यामुळे माझी उत्तरपत्रिका रद्द झाली." खाली सही आणि तारीख.

त्या दिवशी पर्यवेक्षक मी होते. जे घडलं ते अहवालात लिहिणं माझं काम होतं, ते मी केलं. त्यावर आता बोलण्यासारखं काही नाही.

उलट टपालाचं पाकीट जोडलं आहे. जिल्ह्याचं नाव आता रायगड लिहायचं. माझ्या हातून अजून कुलाबाच लिहिलं जातं, पण पाकिटावर दुरुस्त केलं आहे.

आनंदी ठोंबरे

———

कर्जत, २७ जानेवारी १९८१

शकुंतला,

तुझं पाकीट मिळालं. आत निवेदन. सही नाही, पत्र नाही.

छापखान्यात प्रूफ तपासतात तसं तू ते तपासलं आहेस. "माझ्याकडून" या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल आणि समासात प्रश्नचिन्ह. तळाला एक रेघ आणि तिच्यापुढे तीन शब्द: मजकूर सुटला आहे.

मी तो कागद दोन दिवस कपाटात ठेवून दिला. इतकी वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासत आले, माझा कागद असा कोणी परत पाठवला नव्हता. आपला बुधाजी अजून आहे. मशीनना तेल घालणं, फिती बदलणं, सकाळी दार उघडणं आणि न विचारता मत देणं, ही त्याची चारही कामं पूर्वीसारखीच चालू आहेत. त्याला वाचता येत नाही, पण गोल कुठे काढला आहे ते त्याला दिसलं. म्हणाला, "बाई, पोरीनं तुमाला नापास केलं की." मी त्याला फिती मोजायला पाठवलं.

मजकूर सुटला असेल तर भरते.

जून १९६२ मध्ये तुझी आई, धोंडूबाई, तुला केळवलीहून घेऊन आली. आत येईना, पायरीवरच उभी राहिली.

"बाई, पोरीला आयकू येत नाय. पन हात बगा तिचे. आवनीला एक रोप वाकडं लावत नाय."

मी म्हटलं, "इथे भात लावत नाहीत."

"तेच तं. इतं बसून करायचं हाय. त्यात काय कठीन?"

तू तिच्या मागे उभी राहून माझ्या ओठांकडे बघत होतीस. मी काय म्हणते ते तुला कळत होतं हे मला तेव्हाच दिसलं. तुला घेतलं ते दया म्हणून नाही. त्या महिन्यात सात नंबरचं मशीन रिकामं होतं.

ओळ संपत आली की टाइपरायटरची बारीक घंटी वाजते आणि मग हाताने रूळ मागे ढकलायचा. तुला ती घंटी ऐकू यायची नाही. तू कोणाला न विचारता मशीनच्या पट्टीवर लाल दोरा बांधलास. रूळ दोऱ्यापाशी आला की ओळ संपली. मी आधी रागावले, कारण माझ्या क्लासात मान वर करायची नाही हा दंडक. मग लक्ष ठेवून पाहिलं तर तुझी मान वर होतच नव्हती, नुसती नजर जाऊन येत होती. दोरा राहू दिला. अजून तिथेच आहे. काढायला सवड झाली नाही.

आणि वेळेचं. बाकीच्यांना वेळ संपल्याचं घंटेने कळायचं, तुला माझ्या थापेने. तुझ्या टेबलाच्या कडेवर मी हाताची एक थाप मारायची. फळी हादरायची आणि तुझी बोटं होती तिथे थांबायची. इतर पोरं घंटेनंतर दोन-चार अक्षरं पुढे ढकलायची, मी ओरडेपर्यंत. दोन वर्षांत तू असं एकदाही केलं नाहीस.

तेव्हा निवेदन पुन्हा लिहिलं आहे. "माझ्याकडून" काढलं. वाढवलेलं वाक्य असं: "वर्गात टेबलावरील थापेने मला वेळ कळवीत असत. परीक्षेत तशी सोय नव्हती." हे पुरेसं आहे असं मला वाटतं. आता सही करून पाठव. महिना उरला आहे.

आनंदी ठोंबरे

———

कर्जत, १६ फेब्रुवारी १९८१

शकुंतला,

दुसरं प्रूफही परत आलं. "सोय नव्हती" याखाली रेघ, आणि समासात दोन शब्द: कोणी काढली?

तुझं पाकीट आलं त्याच दिवशी विठूची आई येसूबाई क्लासात आली. चौकला भाजी घेऊन बसते. टोपली दाराशी ठेवली आणि उभ्यानेच विचारलं,

"बाई, पुन्याचा कागूद आला का?"

"अजून नाही."

"नाय म्हनायचं असंल तं आत्ताच म्हना. त्याच्या चुलत्यानं वीटभट्टीवर शब्द टाकलाय. मे पातूर भट्टी चालनार. मंग ती बी जागा जायाची."

"परीक्षा मे महिन्यात आहे."

"परीक्षा हाय ओ. पन तुमीच म्हनलाव का घंटा त्याला समजनार नाय. मंग बसवून काय उपेग?"

विठू पलीकडे सात नंबरवर बसला होता. तिथून त्याला तिच्या ओठांवरचं अर्धं दिसत होतं. हात थांबवून त्याने मला विचारलं, "काय म्हनते आई?" त्याचा आवाज तुझ्यासारखाच एका पट्टीत येतो. मी खुणेने सांगितलं, टाइप कर. येसूबाईला सांगितलं की महिनाअखेरपर्यंत कळवते. ती म्हणाली, "तुमी शिकलेल्या मानसांनी नीट सांगितलं तं आमाला समजतं." तिने टोपली उचलली आणि गेली.

ती गेल्यावर तुझ्या दोन शब्दांचं उत्तर लिहायला बसले. सोय मी काढली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तू पाटीवर लिहून मला दाखवलंस, "उद्या थाप?" मी मान हलवली. होकाराची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला नेरळचे एक क्लासवाले त्यांच्या चार पोरांना घेऊन आले. दारातच म्हणाले, "बाई, परीक्षा तुमच्या क्लासात, पोरं तुमची, पर्यवेक्षक तुम्हीच. मग निकालही लावून टाका, पुण्याला कशाला त्रास?" ते हसले, बरोबरची पोरंही हसली. तीन वेळा अर्ज करून त्या वर्षी मला केंद्र मिळालं होतं. पनवेलपासून इकडे एवढं काम दुसऱ्या एकाही बाईकडे नव्हतं, आणि ते जावं म्हणून टपलेले थोडे नव्हते. मला ते बोलणं लागलं. तिथेच ठरवलं की आज कोणाच्याही टेबलाला हात लावायचा नाही. सगळ्यांना एकच घंटा.

परीक्षा अकराला होती. मधे एक तास होता. तुझी पाटी तुझ्या टेबलावर होती आणि खडूही होता. मी तुला सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर तुझ्या चेहऱ्याकडे बघावं लागलं असतं, आणि मग ठरवलेलं टिकलं नसतं. म्हणून दुसऱ्या टोकाला जाऊन प्रश्नपत्रिका मोजत बसले.

घंटा वाजवली. एकोणीस जण थांबले. तू टाइप करत राहिलीस. बुधाजी दाराशी होता. "बाई, शकू..." म्हणत दोन पावलं आत आला. मी हात वर करून त्याला थांबवलं. तेव्हा मी तुझ्या टेबलापाशीच उभी होते. त्याच हाताने थाप मारता आली असती.

अहवालात नेमका वेळ लागतो म्हणून मी घड्याळाकडे बघत होते. पूर्ण अर्धं मिनिट. मजकूर संपला तेव्हा तू आपणहून थांबलीस आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. वेळेच्या आत सगळं झालं, असं तुझ्या तोंडावर होतं.

मग मी अहवाल लिहिला. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि त्यात मी कुठेच नव्हते.

धोंडूबाई नंतर एकदा आली होती. तुला हे तिने सांगितलं की नाही ठाऊक नाही. मी तिला नियम वाचून दाखवला. ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "बाई, नियम तुमचा बराबर हाय. पन तुमी मान हलवली व्हती, पोरगी सांगते." मी म्हटलं, तिचा काही गैरसमज झाला असेल. बुधाजी तिथेच तेलाची झारी घेऊन उभा होता. त्यानंतर महिनाभर तो माझ्याशी कामापुरतंही बोलला नाही. मी त्याला कारण विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं.

सगळ्यांना एकच घंटा म्हणजे न्याय असं मी त्या दिवशी धरून चालले आणि पुढेही बरीच वर्षं तेच धरलं. खरं पाहता वेळ संपली हे मी एकोणीस जणांना सांगितलं आणि एकीला सांगितलं नाही. एवढंच झालं. ते अर्धं मिनिट तुझ्या नावावर लिहिलं गेलं, आणि त्यापायी तुला कागद मिळाला नाही, कारकुनाची जागा मिळाली नाही.

तिसरं निवेदन जोडलं आहे. त्यात पाटीवरचे दोन शब्द, माझी मान, बुधाजी, घड्याळ, सगळं आहे. शेवटी "याबद्दल मला खेद आहे" असं माझ्या वतीने एक वाक्य आहे. खाली दोन सह्यांची जागा ठेवून एक सही मी केली आहे. तू केलीस तर दोन सह्यांनी जाईल. नाही केलीस तर पंचवीस तारखेला एका सहीने पाठवीन. मग ते विचार करोत न करोत. हा कागद गेल्यावर केंद्र माझ्याकडे राहणार नाही, असा माझा अंदाज आहे. तो विचार करून सही करू नकोस, आणि तो विचार करून थांबूही नकोस.

विठूला भट्टीवर पाठवू नका, असा निरोप येसूबाईला दिला आहे. कशाच्या भरवशावर दिला ते मलाही सांगता येत नाही.

आनंदी ठोंबरे

———

कर्जत, १२ एप्रिल १९८१

शकू,

सही करून पाठवलंस ते वेळेत पोचलं. खेदाचं वाक्य तू कापलंस आणि समासात लिहिलंस, "इथे नको." बरोबर आहे. पुण्याच्या कागदात त्याचं काम नव्हतं.

उत्तर आलं आहे. विठूला खूण करायला परवानगी मिळाली. अटी दोन. खूण करताना उमेदवाराला, टेबलाला किंवा मशीनला हात लागता कामा नये, म्हणजे थाप चालणार नाही. आणि खूण करणारी व्यक्ती माझ्या संस्थेची नसावी. दोन्ही अटी वाजवी आहेत. त्याच पत्रात खाली लिहिलं आहे की नोव्हेंबरपासून केंद्र इथल्या एका शाळेत हलवलं जाईल. तेही वाजवी आहे. क्लास चालू राहील.

झेंडा चालेल का, असं मी तुला मार्चमध्ये कार्ड टाकून विचारलं होतं. त्यावर तुझं कार्ड आलं: "झेंडा कोण बघणार? डोळे मजकुरावर असतात." मला पटलं नव्हतं. खोटं कशाला सांगू? वाटलं, ही कधी कशालाच बरं म्हणत नाही.

म्हणून करून पाहिलं. कानात कापसाचे बोळे घालून मी स्वतः सात नंबरवर बसले. बुधाजीला हिरवं फडकं दिलं आणि सांगितलं, घड्याळाचा काटा बारावर आला की समोर उभं राहून हलव. विठू बाजूला बसून बघत होता. मी टाइप करत राहिले. चांगलं पानभर झालं तरी कोणी थांबवेना, म्हणून मान वर केली. बुधाजी समोर गार्डासारखा उभा. बोळे काढले.

"बाई, गाडी कवाच सुटली. पळसदरी टेसन पन गेलं."

विठूने त्याचे ओठ वाचले आणि टेबलावर डोकं ठेवून हसला. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्याला हसताना पाहिलं. मीही हसले असेन, बुधाजी तसं सगळ्यांना सांगत फिरतो आहे.

कार्डाच्या पाठीवर तू लिहिलं आहेस तेच आता केलं: "समोरच्या मजकुरावर पुठ्ठा ठेवा. वाचायलाच मिळालं नाही की बोटं आपोआप थांबतात." मजकूर मशीनच्या डाव्या हाताला लाकडी घोडीवर लावलेला असतो, टेबलावर नसतो, म्हणजे अटीतही बसतं. विठूवर सहा वेळा केलं. सहाही वेळा थांबला. एवढी साधी गोष्ट आहे, आणि ती मला इतक्या वर्षांत सुचली नाही. सुचायला मी कधी बसलेच नव्हते.

आता खूण कोणी करायची. तू यावंस असं मला वाटतं. तू संस्थेची नाहीस. माझ्या बाजूची आहेस असं तर कोणीच म्हणणार नाही.

बुधाजीला हे सांगितलं तर तो आधी म्हणाला, "घंटेच्या कामाला बहिरी मानूस? तिला तरी कवा समजनार वाजली ते?" मी म्हटलं, घंटा माझ्या हातात असते, हात हलताना दिसतो. त्यावर तो तेलाची झारी पुसत म्हणाला, "ते बी खरं. तुमच्या हातावर तिच्यावानी नजर दुसरं कोन ठेवनार?"

परीक्षा १४ मे, सकाळी अकरा. दहापर्यंत पोचलीस तर विठूशी ओळख होईल. येणार असलीस तर कार्ड टाक. नसलीस तरी टाक, म्हणजे दुसरं माणूस शोधता येईल.

आनंदी ठोंबरे

———

कर्जत, १६ मे १९८१

शकू,

परवा तू निघून गेल्यावर मी नोंद लिहिली. एक प्रत पुण्याला गेली, एक नव्या केंद्राला, ही तिसरी तुझी. तुझ्या सवयीप्रमाणे तपास. चूक असेल तर खूण करून परत पाठव, मी दुरुस्त करून घेईन.

नोंदीत बसत नाहीत अशा दोन गोष्टी इथे लिहिते.

तू आल्यावर कोणाशी न बोलता आधी सात नंबरपाशी गेलीस. दोरा विटून गुलाबी झाला होता. तू तो बोटाने चाचपलास, विठूला पाच ओळी टाइप करायला लावल्यास आणि दोरा दोन घरं अलीकडे सरकवलास. त्याला म्हणालीस, "तुजी बोटं उशिरा थांबतात. दोन अक्षरं आदी बग." अकरा महिने मी त्याला शिकवते आहे आणि त्याच्या ओळी शेवटाला का आदळतात ते मला उमगलं नव्हतं. मी त्याला अकरा महिने आळशी म्हणत होते.

दुसरी गोष्ट येसूबाईची. ती बाहेर पायरीवर बसून होती. तू बाहेर गेलीस तेव्हा तिने तुझा हात धरून काहीतरी विचारलं आणि तू मान हलवून काही सांगितलंस. काय बोलणं झालं ते मी तिला नंतर विचारलं. "ती म्हनली, पोरगा थांबला बराबर. पुडचं त्याच्या हाताचं." एवढंच सांगून ती गाडीला गेली. भट्टीवाल्या चुलत्याला तिने त्याच संध्याकाळी नाही म्हणून कळवलं.

निकाल जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. कळवते.

आनंदी

नोंद
टंकलेखन परीक्षा, केंद्र कर्जत, १४ मे १९८१

उमेदवार बावीस. हजर बावीस. त्यांपैकी विठू भोईर यांस ऐकू येत नसल्याने परवानगीनुसार दृश्य खूण करण्यात आली. खूण करणाऱ्या: शकुंतला, खिळे जुळविणाऱ्या, शिळफाटा, खोपोली, याच केंद्रावरील १९६४ च्या उमेदवार. खूण: मजकुरावर पुठ्ठा ठेवणे. घंटा व पुठ्ठा एकाच वेळी. घंटेनंतर विठू भोईर यांनी एकही अक्षर टंकलेखित केले नाही. अन्य उमेदवारांपैकी तिघांनी दोन ते चार अक्षरे केली, त्यांना ताकीद दिली.

शकुंतला यांनी स्वतः छापखान्यात खिळे जुळवून छापलेले जाड पुठ्ठे सोबत आणले. नग सहा. प्रत्येकावर मोठ्या टाइपात एकच शब्द: थांबा.

दिले-घेतले ते येणेप्रमाणे.

१. विठू भोईर यांची उत्तरपत्रिका, पाने दोन, इतर एकवीस जणांच्या उत्तरपत्रिकांबरोबर एकाच पाकिटात बंद करून पुण्यास रवाना. पाकिटावर वेगळी खूण नाही.

२. त्यांच्या मजकुरावर ठेवलेला पुठ्ठा, नग एक, विठू भोईर यांनी मागितला म्हणून त्यांस दिला.

३. केंद्राची पितळी घंटा, नग एक, व पुठ्ठे, नग चार, नव्या केंद्राचे प्रमुख मालोजी थोरवे यांस दिले. पुठ्ठे घंटेच्या मुठीला सुतळीने बांधून दिले आहेत. घंटा व पुठ्ठे वेगळे ठेवू नयेत, असे तोंडी व लेखी सांगितले.

४. नोव्हेंबर १९६४ च्या पर्यवेक्षक अहवालाची स्थळप्रत, पान एक, खाली आनंदी ठोंबरे यांनी आजच्या तारखेने केलेल्या दुरुस्तीसह, शकुंतला यांस दिली. त्यांनी वाचून, दुरुस्तीतील तारखेचा एक आकडा ठळक करून घेतला व सही करून ताब्यात घेतली.

५. यंत्र क्रमांक सात, शकुंतला यांस देऊ केले. घेतले नाही. "पोरांना राहू द्या" असे म्हणाल्या. यंत्र दोऱ्यासह क्लासात आहे.

६. पुठ्ठा, उरलेला नग एक. आनंदी ठोंबरे यांनी खेदाचे चार पानी पत्र लिहून आणले होते व ते शकुंतला यांच्यासमोर धरले होते. दुसऱ्या पानाच्या मध्यावर शकुंतला यांनी हा पुठ्ठा त्या मजकुरावर ठेवला. आनंदी ठोंबरे यांस मिळाला. पोच म्हणून सही.

आनंदी ठोंबरे